इंदूच्या नावावर आलेला रिपोर्ट

इंदू,

चौकातला फ्लेक्स काल उतरवला. उन्हानं तुझा चेहरा अगदी फिकट पडला होता. फोटो तुझ्या तनूच्या शाळेतल्या गॅदरिंगचा. शेजारी मी उभी होते, मला कापून टाकलं होतं. तुझ्या खांद्यावर माझी चार बोटं तेवढी राहिली होती. खाली मोठ्या अक्षरांत ‘कै. सौ. अश्विनी’. जिंतूरच्या बाजाराला आलेली माणसं थांबून वाचायची, चुकचुकायची आणि पुढे जायची. मी शाळेत जाता-येता तिकडे बघायचंच टाळत होते. त्या अश्विनीला मी फारशी ओळखत नव्हते.

तू थोरली जाऊ, मी धाकटी. लग्नं मागं-पुढं झाली, पण ताट तेच होतं. पितळी, कडा चेपलेलं. त्यात तांदूळ पसरले, नवऱ्यांनी अंगठीनं त्यावर नाव काढलं आणि मांडवात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझं इंदूचं अश्विनी झालं, माझं गयाचं मनीषा. त्याच तांदळाचा भात दुसऱ्या दिवशी आपल्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी शिजवला. तू म्हणायचीस, “नवं नाव खाऊ घातलंय गं आपल्याला, कधी ना कधी अंगी लागंल.” माझ्या लागलं. तुझ्या शेवटपर्यंत लागलं नाही.

यावरून आपण किती भांडलो असू! मला गया नावाचा लहानपणापासून वैताग. आजीचं नाव, शाळेत पोरं चिडवायची. मनीषा झाले तेव्हा सुटले असं वाटलं. मी म्हणायचे, नाव गेलं तर काय झालं, माणूस तेच राहतं ना? तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, “तेच राहतंय तर मंग बदलायलेत कामून?” यावर मी नुसता आवाज चढवायचे. चारचौघांत मी तुला ‘अक्का, तुमी’ म्हणत होते आणि तू मला मनीषा. स्वयंपाकघरात दोघीच उरलो की इंदू आणि गया. त्या घरात तुझं खरं नाव माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात असेल, असं मला कधी वाटलं नाही.

मला गया म्हणू नकोस, असं मी तुला हजारदा सांगितलं असेल. आता कुणीच म्हणत नाही. हे इतकं लागेल असं माहीत असतं तर मी एकदाही सांगितलं नसतं.

दिवाळीनंतर तुला उचकी लागली, तिथून सगळं सुरू झालं. पहिल्या दिवशी गंमत होती. आत्याबाई जपमाळ ओढत म्हणाल्या, “म्हायेरचं कुणीतरी लय आठवण काढायलंय. घे नावं, ज्याच्या नावावर थांबंल तो काढायलाय.” तू नावं घेतलीस. वडील, भाऊ, मावशी, शाळेतली मैत्रीण, तुमच्या गावचा चक्कीवाला. चक्कीवाल्याच्या नावावर उचकी क्षणभर थांबली आणि आपण दोघी पोट धरून हसलो. हसताना परत लागली. दुसऱ्या दिवशीही होती, आठवडा झाला तरी होती. मग उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या बाया एकमेकींना डोळ्यांनी खुणवायला लागल्या, या वयात पाळणा हलणार की काय म्हणून. पित्ताच्या गोळ्या झाल्या, बडीशेप झाली, मोरावळा झाला. तू बारीक होत गेलीस. जेवायला बसलीस की आधी घास, मग उचकी, मग मोरीकडे धाव. आणि एके दिवशी आपोआप थांबलं. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आपण सगळे विसरलो.

पुढचं भांडण ब्लाउजचं. शाळेच्या कार्यक्रमासाठी मी तुला लालभडक कापड आणून दिलं आणि तू ते विटकरी दोऱ्यानं शिवून दिलंस. तू, जिच्याकडे निम्म्या गल्लीची ब्लाउजं यायची! मी म्हणाले, हे काय केलं? तू कापड उजेडाला धरून म्हणालीस, “विटकरी कापडाला विटकरीच दोरा लावत्यात.” मी म्हणाले लाल आहे, तू म्हणालीस विटकरी. तनूला बोलावलं, ती म्हणाली लाल. तू तिलाही वेड्यात काढलंस. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तू माझ्याकडे आलीस, एक डोळा हातानं झाकून. “गया, डाव्या डोळ्यानं बघितलं तर लाल हाय. उजव्यानं बघितलं तर विटकरी. एकाच कापडाचे दोन रंग कसे गं?” डोळा हलवला की दुखतो, असंही म्हणालीस. मी म्हणाले, शिवणकाम कमी कर, चष्मा लागला असेल. परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. थेंब मिळाले, नंबर मिळाला. काही आठवड्यांनी पुष्कळसं दिसायला लागलं आणि तेही आपण विसरलो. ब्लाउज मी घातलं नाही, रागानं ट्रंकेत टाकलं. अजून तिथेच आहे.

मग पाय. आधी तळव्यांना मुंग्या, मग गुडघ्यापर्यंत बधिर. चप्पल निसटून मागे राहायची आणि तुला कळायचं नाही. तनू हातात चप्पल घेऊन मागून पळत यायची. छातीखाली कुणीतरी दोरीनं करकचून बांधल्यासारखं वाटतं, म्हणायचीस. एका सकाळी तुला लघवीला होईना, उजव्या डोळ्यानं परत दिसेना आणि उठताही येईना. तुझ्या मालकांनी, भाऊजींनी गाडी काढली.

परभणीच्या दवाखान्यात नसांचे डॉक्टर होते. तरुणच होते, कमी बोलणारे. हातोडीनं गुडघे ठोकून पाहिले, तळव्यावरून किल्ली ओढली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. आणि मग त्यांनी असा प्रश्न विचारला की आपण सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

“यांना याआधी कधी बरेच दिवस न थांबणारी उचकी लागली होती का? उलट्यांसकट?”

भाऊजी म्हणाले, “लागलती की, दिवाळीत. पण ती पित्ताची होती, साहेब.”

“पित्ताची नव्हती,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूत खाली जिथून उलटी आणि उचकी ठरते, तिथे सूज असेल. मग डोळ्याच्या नसेला आली. आता मणक्यातल्या दोरीला आली आहे. आजार एकच आहे.”

मला त्या क्षणी चक्कीवाला आठवला.

त्यांनी समजावून सांगितलं ते तू माझ्यापेक्षा नीट ऐकत होतीस. जंतूंशी लढायला रक्तात अँटीबॉडी तयार होतात. काहींच्या रक्तात अशी एखादी अँटीबॉडी तयार होते की ती जंतू सोडून आपल्याच नसांवर तुटून पडते. ती तुझ्या रक्तात आहे का, हे एका तपासणीत कळतं. नमुना मुंबईला जातो, रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तू पडल्या पडल्या विचारलंस, “म्हंजी माजंच रगत माज्यावर उठलंय?” डॉक्टर म्हणाले, तसंच समजा. तू म्हणालीस, “घरातलंच भांडण म्हणा की.” त्या माणसाला हसू आवरलं नाही. पाय गेलेल्या बाईनं डॉक्टरला हसवलं, हे मी नंतर शाळेत सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, ही गोष्ट तू बरी झाल्यावरही सांगत राहू.

रक्त घेतलं तेव्हा मी जिंतूरला होते, तनूची परीक्षा होती. भाऊजी एमआरआयच्या खिडकीवर उभे. लॅबचा माणूस बर्फाचा डबा घेऊन वॉर्डात आला, तुझं रक्त काढलं, नळीवर नाव लिहिलं, बाहेर भाऊजी भेटले त्यांना पावती दिली. भाऊजींनी ती न वाचता खिशात घातली. तो शर्ट धुवायला घरी आला आणि पावतीचा लगदा झाला. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. परभणीतल्या लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट येणार, जाऊन विचारायचं, एवढंच तर होतं.

सलाइनमधून स्टेरॉइड सुरू झालं होतं. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट पाहिली नाही, हे खरं सांगायला हवं. पण तुला फरक पडेना. बधिरपणा पोटाच्या वर सरकला, मग हातांत आला. डॉक्टर म्हणाले, “आता रक्तातला प्लाझ्मा बदलावा लागेल. दोष त्यातच आहे. ती सोय इथे नाही, संभाजीनगरला न्या.”

भाऊजींचं एकच. “रिपोर्ट येऊ द्या, साहेब.”

“रिपोर्टशिवायही मी हेच सांगेन.”

“पण आजार हाय का न्हाई तेच कळंना, तर कुठं न्यायचं? एकदा कागद हातात येऊ द्या. लगीच हलवू.”

मला भाऊजींचा राग येतो, इंदू, पण पुरता येत नाही. त्या माणसानं आयुष्यभर खत-बियाणं विकलं. पिशवीवर लेबल असल्याशिवाय त्यानं कधी काही हातात घेतलं नाही. तुझ्या उशाला बसून ते तुझ्या बधिर तळव्यांना तेल चोळायचे. तुला कळायचंही नाही, तरी चोळायचे. रोज सकाळी उठून काउंटरवर जायचे. “अश्विनीचा रिपोर्ट आला का?” कॉम्प्युटरवरची पोरगी बघायची. “न्हाई आला, काका.” ते परत यायचे आणि तुला सांगायचे, आज न्हाई, उद्या येतंय. तू मान हलवायचीस. भाऊजींचं नाव घेऊन कुणी काही बोललं तर मी ऐकून घेत नाही, पण एकटी असले की मीच बोलते.

शनिवारी अर्धी शाळा करून मी आले. तुझा आवाज बारीक झाला होता, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत होता. डाव्या डोळ्यानंही दिसेना. मी हात धरला तर म्हणालीस, “गया का?” मी म्हणाले, हो. “हाताला खडू लागलाय तुज्या,” म्हणालीस. हातांना काहीच कळत नव्हतं तुझ्या. वासावरून ओळखलं असशील.

भाऊजी डॉक्टरांकडे गेले होते, म्हणून काउंटरवर मी गेले. मीही तेच विचारलं, अश्विनीचा रिपोर्ट आला का? पोरीनं तेच सांगितलं. आणि मग स्वतःशीच कुरकुरली, “इथं न्यायचे त्ये न्येईनात, अन् न आलेले मागायलेत. ह्ये बगा, ह्या इंदूबाईचा कवापास्न पडलाय.”

ट्रेमध्ये पहिलाच लिफाफा होता. त्यावर नाव, तुझ्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव.

मी म्हणाले, हे आमचंच आहे. ती म्हणाली, “पेशंटचं नाव तर अश्विनी म्हणलात ना?” मी लिफाफा उचलून हातात धरला. तिनं लॅबच्या त्या माणसाला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज मी ऐकला. “बाईनंच सांगितलं की. चिठ्ठीवर निस्ता खाट नंबर हुता. म्या दोनदा इचारलं, दोनदा तेच नाव सांगितलं तिनं. बापाचं नावबी तिनंच सांगितलं.”

रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. भाऊजी ज्याची वाट पाहत होते तो कागद काउंटरवर पडून होता. रोज सकाळी ते त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून परत जात होते.

भाऊजींनी कागद पाहिला, नाव पाहिलं. मग ॲम्ब्युलन्स आणायला पळाले.

आपण दुपारी निघालो. रस्ता जिंतूरवरूनच जातो. गाव जवळ आलं तसे स्पीड ब्रेकर लागले, गाडी हळू झाली. तू तोंडावरचा मास्क हलवून विचारलंस, “जिंतूर आलं का?” मी म्हणाले, आलं, आपला चौक ओलांडतोय, दुकान उघडं आहे. तू म्हणालीस, “तनूला...” आणि पुढे श्वासच उरला नाही. मी कान तोंडाशी नेला. मास्कमध्ये नुसती वाफ. तनूला काय, इंदू? जपा? सांगू नका? गाडी थांबवून बोलवा? मी रोज वेगळं काहीतरी धरते आणि सोडून देते. मंठ्याच्या पुढे तू डोळे मिटलेस.

संभाजीनगरला श्वासाचं मशीन लावलं, प्लाझ्माही बदलायला घेतला. पण सूज मानेतून वर गेली होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी एकटीनं गाठलं आणि विचारलं, आधी आणली असती तर? ते म्हणाले, “संधी जास्त होती. खात्री तेव्हाही देता आली नसती.” हे वाक्य मी भाऊजींना अर्धंच सांगितलं, शेवटचं. पहिलं अर्धं माझ्याकडे आहे आणि ते फार जड आहे.

घरी आणल्यावर तुला हिरवी साडी नेसवली. मळवट भरला, ओटी भरली. बाया म्हणाल्या, सवाष्ण गेली, नशीब काढलं. एक तर म्हणाली, असं मरण मागून मिळत न्हाई. मला वाटलं तिला दंडाला धरून त्या वॉर्डात न्यावं आणि दाखवावं. तू असतीस तर माझ्या कानात असं काहीतरी बोलली असतीस की मला भर मयतीत हसू फुटलं असतं.

तुझं माझ्यावर काय काय ऋण आहे, ते कुठून सांगू? लग्नानंतर मी डी.एड. करायचं म्हणाले तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. तू म्हणालीस, “तू जा गया, भाकऱ्या म्या बघती.” माझं लेकरू तू तनूसोबत वाढवलंस. मुलाखतीला जाताना अंगातलं ब्लाउज तुझ्या हातचं होतं. मी शाळेच्या मस्टरवर पहिल्यांदा स्वतःची सही केली, ती मनीषाची. तुला सांगितली तर म्हणालीस, “झ्याक. म्या मात्र इंदूच लिवते, शिवणाच्या मापाच्या कागदावर. कुणी वाचत न्हाई.”

एकच विचारायचं राहिलं. त्यानं दोनदा विचारलं आणि तू दोनदा तेच सांगितलंस. तुझे पाय गेले होते, डोळा गेला होता, पण डोकं शाबूत होतं; डॉक्टरला हसवण्याइतकं शाबूत. मग ते चुकून आलं का तोंडातून? वीस वर्षं दुखणं-खुपणं, मतदान, बाळंतपण, सगळं अश्विनीच्या नावावर केलंस. आणि रक्त द्यायची वेळ आली तेव्हा इंदू. बापानं दिलेलं रक्त, म्हणून बापानं ठेवलेलं नाव, असं तर नव्हतं मनात? की विचारलंच पहिल्यांदा कुणीतरी? एरवी तुझं नाव तुझ्याऐवजी दुसरंच कुणीतरी सांगायचं. मी याचं उत्तर ठरवणार नाही. मी ठरवलं तर तू म्हणशील, मास्तरीण झाली म्हणून सगळं कळतंय का हिला.

आता परवाचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले.

तेरावा झाला, पाहुणे गेले. कितीतरी दिवसांनी फक्त घरातली माणसं जेवायला बसली. तनूनं कोरडी भाकरी चटणीशी खाल्ली आणि तिला उचकी लागली.

सगळ्यांचे हात थांबले. भाऊजींचा घास ताटावरच राहिला. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला. डॉक्टरांनी सांगितलंय, हे असं आईकडून लेकीकडे सहसा येत नाही. सांगितलंय तरी. तनू पाणी प्यायली. परत उचकी. तिनं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि घाबरून श्वास दाबून धरला. परत उचकी. कुणी तिला नावं घे म्हणालं नाही. या घरात आता ते कुणी म्हणणार नाही.

तेव्हा आत्याबाई ताटावरून हात झटकून सरकत सरकत तिच्याजवळ गेल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “भेऊ नगं, बाई. तुजी माय आठवण काढायलीय. इंदू काढायलीय.”

उचकी थांबली की नाही ते मी पाहिलं नाही. मी आत्याबाईंकडे बघत होते. इतक्या सहज, जणू रोज त्याच नावानं तुला हाक मारत आल्या असाव्यात. मग भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी चमकून मान वर केली नाही. तनूही ‘इंदू कोण?’ म्हणाली नाही.

सगळ्यांना ठाऊक होतं, इंदू. पहिल्यापासून ठाऊक होतं. काउंटरवर जाऊन ते कुणी उच्चारलं नाही, एवढंच.